उभी पसरलेली पाच भोकं

रविवारी सकाळी पद्माकर आठल्ये तीनशे मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या मारत आणि शोभनाबाई त्या वहीत उतरवून घेत. नऊ वर्षं हा क्रम चुकला नव्हता. जर्मनीत, नेकारसुल्मच्या त्यांच्या घरापासून चाळीस मिनिटांवर, द्राक्षमळ्यांच्या मागे नेमबाजांच्या क्लबाची लांब रेंज होती. कानांवर आवाज थोपवणारी जाड झाकणं चढवून शोभनाबाई मागच्या बाकावर बसत आणि लिहीत. तारीख, वेळ, हवा, वारा, कुठल्या डब्यातली बंदुकीची दारू, कुठल्या खोक्यातल्या पुंगळ्या, आणि शेवटी एका चौकोनात पाच ठिपके, कागदावर भोकं पडली असतील तसेच. त्यांचं अक्षर इतकं सुरेख की क्लबातले जर्मन म्हातारे ती वही मागून घेत. त्यांना वाचता एक अक्षर येत नसे, तरी पानं उलटत आणि मान डोलावत.

पद्माकर एक्याण्णव साली पुण्याहून इथल्या गाड्यांच्या कारखान्यात आले. तेव्हाच्या साहेबाने त्यांना या क्लबात आणलं. साहेब गेले, नोकरी संपली, क्लब राहिला. विकतच्या काडतुसांवर त्यांचा विश्वास नव्हता. ते काडतुसं घरी भरत. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी धुवायची, तिची लांबी व्हर्नियरने मोजायची, वाढलेलं तोंड कापून साफ करायचं, मग तिच्या तळाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची. यातलं पुंगळ्यांचं काम शोभनाबाईंचं. दारूला हात लावायचा सरकारी परवाना एकट्या पद्माकरांचा. दारू बाहेर असली की मागच्या खोलीचं दार आतून बंद होई. शोभनाबाई चहा बाहेर टिपॉयवर ठेवत आणि दारावर दोनदा टकटक करत.

लग्नाआधी शोभनाबाई सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सात वर्षं सहायक होत्या. काचेच्या पेटीतले नाजूक तराजू त्यांच्या ताब्यात असत. मुलांनी त्यावर नुसता श्वास सोडला तरी त्या ओरडत. पद्माकरांना ही गोष्ट फक्त चेष्टेपुरती आठवे. पाहुण्यांसमोर ते म्हणत, "आमच्या बाई मूळच्या शास्त्रज्ञ. परीक्षानळ्या विसळायच्या."

वीस ऑक्टोबरला, दसरा होऊन आठवडा झाला होता, तेव्हा पहिल्यांदा बिघडलं. पाच भोकं नेहमी एका द्राक्षाच्या घडाएवढ्या जागेत बसायची. त्या दिवशी ती वरपासून खालपर्यंत पसरली. आडवी मुळीच नाहीत, फक्त उभी. शोभनाबाईंनी चौकोनात पाच ठिपके एकाखाली एक काढले आणि शेजारी लिहिलं, "वारा नाही."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी पहिल्या तीन गोळ्या शेजारी शेजारी बसल्या, आणि चौथी वीतभर खाली गेली.

पद्माकर आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे रायफलपाशी बसले. दुर्बिणीचे स्क्रू तपासले. लाकडी दस्त्याचे स्क्रू मोजून आवळले. नळी आतून इतकी घासली की ब्रश झिजला. गोळ्यांचा ब्रँड बदलला. मग योखेनकडून, म्हणजे त्यांच्या संघातल्या दुसऱ्या नेमबाजाकडून, एक पुडकं विकतच्या काडतुसांचं घेतलं. त्यातल्या पाच गोळ्या एका जागी बसल्या. मग आपली काडतुसं योखेनच्या रायफलीतून मारून पाहिली. तिथेही उभी रेघ.

"म्हणजे रायफल निर्दोष. माणूसही निर्दोष," पद्माकर म्हणाले.

योखेनने गोळीचा वेग मोजायचं यंत्र आणलं. पाच गोळ्यांचे पाच वेग निघाले.

घरी परतताना गाडी शोभनाबाई चालवत होत्या. पद्माकर बोटांवर मोजत बोलत होते. "वेग सारखा नाही. जोरात गेलेली वर लागते, हळू गेलेली खाली. आता वेग बदलतो कशाने? टोप्या नव्या कोऱ्या. दारू मी स्वतः तोलतो, एक एक कण. उरलं काय?"

शोभनाबाईंनी गियर बदलला.

"पुंगळीचं तोंड. एक घट्ट, एक सैल. गोळी कुठे घट्ट धरते, कुठे सोडून देते. पुंगळ्या कोण करतं?"

"मी करते."

"गेनाऊ, अगदी बरोबर," पद्माकर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

नव्या मोसमासाठी क्लबाच्या संघात तीनच जागा होत्या. दोन ठरल्यासारख्या होत्या. तिसरीसाठी एकाहत्तर वर्षांचे पद्माकर आणि छत्तीस वर्षांचा एक जर्मन सुतार, असा मामला होता. संघाची निवड पुढच्या ऑक्टोबरमध्ये व्हायची होती. तोवर पद्माकरांना कुणाला तरी दोषी ठरवणं भाग होतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी क्लबाच्या जेवणघरात, बटाट्याच्या सॅलडच्या ताटांसमोर, त्यांनी सगळ्यांना जर्मनमधून सांगितलं. "माझ्या काडतुसांना आजार झाला होता. आज निदान झालं. आजार माझ्या शेजारी बसून सॅलड खातो आहे."

सगळे हसले. योखेनने शोभनाबाईंच्या खांद्यावर थोपटलं. ते थोपटणं त्यांना हसण्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनी काटा ताटात ठेवला, तोंड पुसलं आणि वही पर्समध्ये घातली.

घरी पद्माकरांनी त्यांची परीक्षा घेतली. वीस पुंगळ्या टेबलावर मांडल्या. प्रत्येकीची लांबी आधी स्वतः मोजून, तळाशी पेन्सिलने आकडा लिहून झाकून ठेवला होता. शोभनाबाईंनी एकेक मोजून आकडा सांगायचा. एखाद्या ठिकाणी थांबल्या की पद्माकर म्हणत, "चष्मा लाव, चष्मा."

"लावलाय की."

"मग पूस."

वीसच्या वीस बरोबर आल्या. पद्माकरांनी पुंगळ्या उलट्या करून पुन्हा पुन्हा पाहिल्या. "आज लक्ष होतं," ते म्हणाले. "रोज असतं का?"

जानेवारीत त्यांनी बाईंना हाइलब्रोनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाल्या, अडुसष्टच्या मानाने नजर उत्तम आहे, पन्नाशीतल्या बाईसारखी. पद्माकर तडक जिना उतरले. खाली रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "म्हणजे डोळ्यांचं नाही. डोक्याचं आहे."

तनया ही त्यांची एकुलती एक मुलगी. हाइलब्रोनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिची सात वर्षांची निधी दर बुधवारी आजीकडे असे. बारा वाजता शाळा सुटली की शोभनाबाई तिला गाडीने आणत, वरण-भात-तूप भरवत, मग दोघी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून रोजनिशी लिहीत. आजी मराठीत, नात जर्मनमध्ये, एकेक पान. लिहून झालं की वह्या बदलायच्या. पाच वाजता तनया न्यायला येई. शोभनाबाईंचा आठवडा बुधवारपासून सुरू होई आणि बुधवारपाशी संपे. बाकीचे दिवस वाट बघण्यात जात.

फेब्रुवारीत तनयाचा फोन आला. "आई, राग मानू नकोस हं. थोडे दिवस निधीला मी शाळेतच ठेवते दुपारी."

"का गं?"

"बाबा म्हणत होते की तुझं हल्ली… म्हणजे छोट्या छोट्या गोष्टी राहतात. हेर्ड चालू राहिला होता म्हणे. आणि गाडी पण तूच चालवतेस ना. आल्झो, म्हणजे, मला ऑफिसात टेन्शन येतं."

हेर्ड, म्हणजे विजेची शेगडी, चालू राहिली होती हे खरं. तिच्यावर चहाचं पाणी ठेवून विसरणारे पद्माकर होते. शोभनाबाईंच्या रोजनिशीत ते लिहिलेलं होतं: सोळा जानेवारी, दुपारी चार वीस, पातेलं काळं झालं, खिडक्या उघडल्या. त्यांनी ते फोनवर वाचून दाखवलं.

 तनया हळू आवाजात म्हणाली, "आई, तू वेळासकट लिहून ठेवतेस हे… डॉक्टर म्हणतात विसरायला लागलं की माणसं असं लिहून ठेवतात."

"मी बारा वर्षांची असल्यापासून लिहिते. शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय."

"हो, हो. माहितीये मला."

पुंगळ्याही गेल्या. पद्माकरांनी त्या, व्हर्नियर आणि तोंडं कापायचं हत्यार मागच्या खोलीत नेलं. वही मात्र बाईंकडेच ठेवली, कारण त्यांचं स्वतःचं अक्षर त्यांनाच लागत नसे. मार्चभर आणि एप्रिलभर त्यांनी स्वतः कापलेल्या पुंगळ्यांतून गोळ्या मारल्या. भोकं उभीच पसरत राहिली.

"अहो, आता तर पुंगळ्या तुमच्याच आहेत," शोभनाबाई एकदा म्हणाल्या.

"नऊ वर्षं बिघडवलेलं पितळ आहे. दोन महिन्यांत सरळ होतं का?"

अकरा मेच्या संध्याकाळी शोभनाबाई वही घेऊन बसल्या. नऊ वर्षांचे चौकोन एकामागून एक पाहत गेल्या. ठिपके गोळा झालेले, गोळा झालेले, गोळा झालेले, आणि वीस ऑक्टोबरपासून उभे. एकही अपवाद नाही. म्हणजे हळूहळू काही बिघडलं नव्हतं. एका आठवड्यात काहीतरी घडलं होतं. तेरा तारखेची काडतुसं दसऱ्याआधीच भरून ठेवलेली होती, म्हणून त्यांनी स्वतःची रोजनिशी काढली आणि त्याआधीचा आठवडाही उघडला. सर्दी. तनयाचा वाढदिवस. खंडेनवमी.

पद्माकर कितीही वर्षं जर्मनीत राहिले तरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा करत. कारखान्यात होते तेव्हा मोजपट्ट्यांची, आता काडतुसं भरायच्या यंत्राची. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी जुन्या पद्धतीचा दांडीचा तराजू घेतला होता. त्याला ते काटा म्हणत. विजेच्या तराजूंना ते खेळणी म्हणत. पूजा बंद खोलीत झाली होती. शोभनाबाईंनी दाराशी फक्त तबक दिलं होतं. पण पद्माकरांनी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, सोबत हात जोडल्याची पाच चित्रं.

शोभनाबाईंनी फोनवर तो फोटो शोधला आणि दोन बोटांनी मोठा केला. झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, आणि तराजूच्या मधोमध, जिथे दांडी एका पातळ धारेवर तोललेली असते बरोबर तिथे, हळद-कुंकवाची ठसठशीत दोन बोटं. खोबणीत कुंकू साचलेलं दिसत होतं.

सांगलीच्या प्रयोगशाळेत त्या धारेवर धुळीचा कण बसला तरी तराजू खोटं बोलायचा. रिकामा असताना शून्यावर येऊन उभा राही, शहाण्यासारखा. पण वजन टाकलं की कधी थोडं आधी अडकायचा, कधी थोडं नंतर. आणि बघणाऱ्याला वाटायचं, बरोबर आहे.

त्यांनी हात पुसले आणि मागच्या खोलीच्या दारावर दोनदा टकटक केली.

"अहो, काट्याच्या धारेवर कुंकू गेलंय. दसऱ्यापासून. म्हणून दारू कमीजास्त पडते."

पद्माकरांनी दार उघडलं. आधी बायकोकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या फोनकडे. "काटा मी रोज शून्यावर आणतो."

"शून्यावर येतोच तो. वजन टाकल्यावर अडकतो. एकच वजन दहादा ठेवून बघा, दहादा सारखं येतंय का."

"परीक्षानळ्या विसळणारीने मला मोजमाप शिकवायचं?" त्यांनी दार लोटलं. आतून म्हणाले, "आणि देवाच्या कुंकवाला दोष देतेस. शोभतं का तुला?"

चौदा मेला बुधवार होता. बुधवारी आता हात रिकामे असत म्हणून शोभनाबाई सकाळीच भाजीबाजारात गेल्या आणि पिशवी विसरली म्हणून अकरालाच परत आल्या. पिशवी विसरल्याचं पद्माकरांना कळू नये म्हणून चपला हातात घेऊन पावलं न वाजवता आल्या. मागच्या खोलीचं दार किलकिलं होतं. पद्माकर टेबलाशी वाकून बसले होते. डोळ्याला भिंग, हातात मऊ ब्रश, शेजारी स्पिरिटची बाटली. दांडी उचलून वेगळी ठेवली होती. कापसाचा एक बोळा त्यांनी धारेवरून फिरवला. तो लाल झाला. त्यांनी दुसरा घेतला.

शोभनाबाई तशाच मागे फिरल्या आणि जिन्यात बसून राहिल्या. साडेअकराला आवाज करत आत आल्या. दुपारी पद्माकर झोपल्यावर त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून एक लाल बोळा काढला, रोजनिशीच्या त्या दिवसाच्या पानावर चिकटपट्टीने लावला आणि खाली वेळ लिहिली.

रविवारी, अठरा मेला, पाचही भोकं एका घडाएवढ्या जागेत बसली. योखेनने शिट्टी वाजवली. शोभनाबाईंनी चौकोनात ठिपके काढले. त्यांना वाटलं, आता हे सांगतील. निदान गाडीत तरी सांगतील.

पद्माकर जेवणघरात उभे राहिले आणि ग्लासावर चमचा वाजवून म्हणाले, "बायकोच्या हातून पुंगळ्या काढून घेतल्या, तीन महिने घासल्या, आज आजार गेला. मित्रहो, प्रेम करा, पण मोजायला देऊ नका!"

सगळे हसले. सुतारही हसला.

त्या रात्री शोभनाबाईंनी तनयाला फोन करून सगळं सांगितलं. काटा, कुंकू, बोळा. सांगताना त्यांना स्वतःलाच ते वेड्या बाईचं बोलणं वाटू लागलं.

"कुंकू," तनया म्हणाली. "बरं. बरं, आई. तू पाणी पितेस ना वेळेवर?"

त्यानंतर शोभनाबाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. साडेचार महिने त्या रविवारी ठिपके काढत राहिल्या. ठिपके सुंदर येत होते. संघातली तिसरी जागा पद्माकरांची, असं सुतारसुद्धा म्हणू लागला होता.

यंदाची खंडेनवमी एक ऑक्टोबरला, बुधवारी आली. निवड त्यानंतरच्या रविवारी होती. शोभनाबाई आठ दिवस आधीच म्हणाल्या, "अहो, यंदा पूजा बाहेर हॉलमध्ये मांडा. निधीला कधी बघायलाच मिळत नाही. योखेनलाही बोलवा, पुरणपोळी आवडते त्याला."

पद्माकर खुशीत होते. हो म्हणाले.

सहा वाजता सगळे जमले. पाटावर काडतुसं दाबायचं यंत्र, व्हर्नियर, तनयाचा लॅपटॉप, निधीची कंपासपेटी. पद्माकरांनी सोवळं नेसलं होतं. प्रत्येकाला हळद-कुंकू, अक्षता, फूल वाहून झालं. ते उठणार एवढ्यात शोभनाबाई म्हणाल्या, "अहो, काटा राहिला."

"राहू दे त्याला."

"गेल्या वर्षी तर बाबा तुम्ही त्याचाच फोटो टाकला होता," तनया म्हणाली. योखेनला कळावं म्हणून तिने तराजूचा जर्मन शब्द उच्चारला.

"हो, हो, आणा की!" योखेन जर्मनमध्ये ओरडला. "मानकरी तर तोच!"

पद्माकरांनी आत जाऊन तराजू आणला. पाटाच्या कडेला ठेवला. एक झेंडूचं फूल त्याच्यापासून हातभर लांब ठेवलं आणि नमस्कार केला. "झालं."

"असं कोरडं?" शोभनाबाई म्हणाल्या. "थांबा, मी लावते." त्यांनी तबकातून कुंकवाची भरपूर चिमूट उचलली आणि हात सरळ दांडीच्या मधोमध नेला.

पद्माकरांनी त्यांचं मनगट पकडलं. "धारेवर नको! अडकतो तो!"

चिमूट हलली. कुंकू दांडीवर, खोबणीत, पारड्यात सांडलं.

 योखेनने तनयाला कोपराने ढोसून विचारलं, काय म्हणाला? तनयाने शब्दाला शब्द लावून सांगितलं. ती सांगत होती, पण अजून तिला समजलं नव्हतं. योखेनला समजलं. तो तराजूकडे बघत राहिला, मग त्याने हवेत बोटाने एक उभी रेघ काढली, वरून खाली, आणि मोठ्याने हसू लागला. "लाल पावडर! सात महिने! आणि आम्ही बिचाऱ्या शोभनाला…" त्याला ठसका लागला. हे रविवारी जेवणघरात पहिल्या घोटाबरोबर सांगितलं जाणार, हे पद्माकरांना त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"बाबा, हे तुम्हाला कधी कळलं?" तनयाने विचारलं.

पद्माकरांनी सोवळ्याचा काठ सारखा केला.

शोभनाबाईंनी कपाटातून रोजनिशी काढली, पान उघडलं आणि मुलीच्या मांडीवर ठेवलं. चौदा मे. बुधवार. सकाळी अकरा. कापसाचा बोळा तपकिरी पडला होता, कडेला अजून लाल होता. तनयाने सगळं वाचलं. मग स्वतःच मागची पानं उलटत सोळा जानेवारीपर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"आई," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मी निधीला पुढच्या बुधवारपासून परत…"

"मिटवॉख्स हाब इश डॉख टुर्नेन, मामा," निधी म्हणाली. बुधवारी तिचा जिम्नॅस्टिक्सचा वर्ग असे, एप्रिलपासून. तिने डोळे वर न करता कंपासपेटीवरच्या अक्षता एकेक उचलून खाल्ल्या.

"एखादा दुसरा वार बघू या आपण," तनया म्हणाली.

"बघू," शोभनाबाई म्हणाल्या.

योखेनने दोन पोळ्या बांधून घेतल्या आणि घाईने निघाला. तनया आणि निधी गेल्या. शोभनाबाईंनी ताटं उचलली, पाट पुसला. पद्माकर सोवळ्यातच जेवणाच्या टेबलाशी बसले. रविवारची काडतुसं अजून भरायची होती. त्यांनी तराजू पुढे ओढला, दांडी उतरवली आणि या वेळी दार लावायला उठले नाहीत. शोभनाबाईंनी आतून स्पिरिटची बाटली, कापूस आणि मऊ ब्रश आणून त्यांच्या हाताशी ठेवला.

ते बराच वेळ घासत होते. मग दांडी परत बसवायला त्यांनी उचलली.

"डावीकडच्या खोबणीत राहिलंय," टेबलाच्या पलीकडून शोभनाबाई म्हणाल्या.

पद्माकर वाकले. तराजू दिव्याकडे वळवला. पुन्हा वाकले. "कुठे?"

"चष्मा लावा, चष्मा."